कुंपणापलीकडची हायब्रीड

आमच्या शेजारच्या वहिनींनी दसऱ्याला नवी गाडी घेतली आणि तेव्हापासून गल्लीतल्या सोयरिकी, सुना, भिशी सगळं मागं पडलंय. कढीपत्त्याचे चार टहाळे मागायला भिंतीशी जावं, तरी विषय निघतो गाडीचाच. गाडी उंच, ऐसपैस, पाच माणसांची आणि हायब्रीड. बॉनेटखाली पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही. "कंपनीचं नाव तेवढं लिहू नका हं ताई," वहिनींनी बजावलंय, "सर्व्हिसिंगला मला तिथंच जायचंय." त्यामुळे गाडी बिननावाची. बाकी सगळं जसं कानावर आलं तसं.

साताऱ्यात गोडोलीकडे अजून कमरेएवढ्या कंपाउंडच्या भिंती शाबूत आहेत. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे वहिनी, आणि सकाळी दुधाची पिशवी आणायला निघालेले अण्णा फाटकावर कोपर टेकून उभे, अशी आमची बैठक. अण्णांचा ऊस आहे, वय सत्तरीपुढचं आहे आणि डिझेलवर श्रद्धा आहे. वहिनींच्या गाडीबद्दल त्यांचं पहिलं मत असं होतं : "आवाज न्हाई, वास न्हाई, आन् म्हनं गाडी!"

आवाजावरून पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला. वहिनी स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा. वहिनींनी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'रेडी' उमटलं आणि पुढं काहीच नाही. ना घुर्र, ना थरथर. सासूबाईंनी थोडी वाट बघितली आणि हळूच म्हणाल्या, "अगं, मुहूर्तालाच बंद पडली का?" तोवर गाडी दोन हात पुढं सरकली होती. लिंबं चिरडल्याचा चटचट आवाज तेवढा सगळ्यांना ऐकू आला.

या मुकेपणाचा इंगा मात्र नंतर दिसला. वहिनींचे मिस्टर एका रात्री कराडहून आले. दोन्ही हातांत पिशव्या, एसी चालू, इंजिन शांत. त्यांना वाटलं गाडी बंदच आहे. गाडीने टुकटुक करून सांगितलं असणार, पण साहेब फोनवर. ते घरात गेले, जेवायला बसले. इकडे एसी बॅटरी खात राहिला, बॅटरी उतरली आणि ती भरायला इंजिन आपलं आपण सुरू झालं. पोर्चमध्ये चिटपाखरू नाही आणि गाडी घरघरतेय! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघितलंय. सासूबाईंनी तर काळूबाईचं नाव घेतलं.

"हसू नका ताई," वहिनी म्हणाल्या, "आमचा पोर्च उघडा म्हणून बरं. बंद गॅरेज असतं आणि धूर घरात आला असता तर?" बाई बोलल्या ते खरं. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याचा वास येतो. आता त्यांच्या घरात नियम आहे की उतरणाऱ्याने 'रेडी' विझलेलं डोळ्यांनी बघायचं आणि मगच दार उघडायचं.

अण्णांचा दुसरा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाने विचारून झाला होता. "पन चार्जिंगला लावतीस कुठं गं पोरी? प्लग तर दिसत न्हाई."

"लावायचीच नसते अण्णा. ती स्वतःची स्वतः भरून घेते."

"फुकट?"

मग वहिनींनी जे सांगितलं त्याला तोड नाही. "अण्णा, काकू पुरण शिजवतात. डाळीवरचं पाणी टाकून देतात का? त्याचीच कटाची आमटी होते ना? साध्या गाडीला ब्रेक लावला की वेग नुसता तापून वाया जातो, डिस्क गरम होते न् संपलं. या गाडीत ब्रेक दाबला की मोटर उलटी जनित्र होते, वीज तयार करते, ती बॅटरीत जाते. पुढच्या सिग्नलला निघताना तीच वीज कामाला येते."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे पोळी पेट्रोलचीच. आमटी तेवढी फुकटची."

इंजिनिअरिंगला असलेला वहिनींचा मुलगा पायरीवर बसून ऐकत होता. त्याने अण्णांना दोन्ही हात जोडले. खरंच, याहून नेमकं काय सांगणार? प्लग नसलेल्या अशा हायब्रीड गाडीत बाहेरून एक युनिटही वीज येत नाही. मूळ ऊर्जा सगळी पेट्रोलची, गाडी फक्त सांडलेली ऊर्जा गोळा करते. बॅटरीही केवढीशी! टोयोटाच्या हायरायडरमध्ये आणि मारुतीच्या ग्रँड विटारात, म्हणजे 2022 साली एकापाठोपाठ आलेल्या या दोन जुळ्या बहिणींत, ती 0.76 किलोवॅट-तासांची आहे. महावितरणच्या बिलात मोजलं तर पाऊण युनिट. तेवढ्यावर गाडी फार लांब जात नाही. पण दिवसभरात ही पाऊण युनिटाची टाकी शेकडो वेळा थोडी भरते, थोडी रिकामी होते, आणि खेळ सगळा त्या भरण्या-उपसण्यात आहे.

बाकीचं तंत्र मुलाने सांगितलं. आत गिअर बदलणारी पेटी नाही, क्लच नाही. एक सूर्य-ग्रहांसारखा दात्यांचा संच आहे, तो इंजिन आणि दोन मोटरी यांची ताकद एकत्र करून चाकांना देतो. हे डोकं टोयोटाने 1997 मध्ये जपानात प्रियस गाडीतून पहिल्यांदा बाजारात आणलं. प्रियस 2010 मध्ये आपल्याकडेही आली होती, पण किंमत ऐकूनच लोक मागं फिरले. सामान्य घरांत हायब्रीड शिरली ती 2022 नंतरच. त्याच वर्षाच्या अखेरीस इनोव्हा हायक्रॉस दाखवली गेली, आणि डिझेलची इनोव्हा म्हणजे देव मानणाऱ्यांची पहिल्यांदा चलबिचल झाली.

"पेट्रोलची इनोव्हा?" अण्णा त्या दिवशी चहाही न घेता गेले.

आता मागच्या गल्लीतल्या भाऊजींचं प्रकरण. त्यांनी ऐकलं की वहिनींची गाडी हायब्रीड, तर तेही छाती काढून सांगायला लागले, "आमचीपण हायब्रीडच की! मागं लिहिलंय तसं." मग मुलाने त्यांना एकच प्रश्न विचारला : "काका, इंजिन पूर्ण बंद असताना तुमची गाडी हलते का?" नाही हलत. म्हणजे ती माइल्ड हायब्रीड. तिच्यात छोटी मोटर असते, ती इंजिनाला थोडा हातभार लावते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन झटकन चालू करते, पण एकटी गाडी ओढू शकत नाही. नुसत्या मोटरवर जी चालते ती स्ट्राँग हायब्रीड. शोरूममध्ये दोन्ही 'हायब्रीड' म्हणूनच शेजारी उभ्या असतात. किमतीत मात्र लाखांचा फरक, आणि मायलेजमध्येही बराच. भाऊजी त्यानंतर भिंतीकडे फारसे फिरकले नाहीत.

मायलेज! वहिनींनी वही घातलीय. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, लिटर लिहायचे. किराणाच्या हिशेबाच्या वहीतच मागून सुरुवात केलीय. त्या वहीतून मला जे कळलं ते शोरूममध्ये कुणी सांगणार नाही.

कंपन्यांच्या कागदावर हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रीडचा आकडा आहे लिटरला 27.97 किलोमीटर. मोठ्या हायक्रॉसचा 23.24. हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे. तिथं ना पोवई नाक्याची गर्दी, ना मागच्या सीटवरची भांडणं.

वहिनींच्या वहीत पुण्याच्या आतल्या गर्दीत चोवीस-पंचवीस पडलेत. नवले पुलापासून स्वारगेटपर्यंत रांगत गेलेली गाडी! साधी गाडी जिथं पेट्रोल ओकते तिथं ही कमावते, कारण थांबत-थांबत जाताना इंजिन बराच वेळ बंदच असतं. एसीचा काँप्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी आत गारवा राहतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हायब्रीडचे एवढे पोवाडे का गातात, ते इथं कळतं.

हायवेवर मात्र उलटं. साधी गाडी हायवेला जास्त देते हे आपल्या डोक्यात बसलेलं. वहिनींची गाडी ऐंशीच्या आसपास ठेवली तर बावीस-तेवीस देते, पण साहेबांनी शंभरच्या वर दामटली की एकोणीसवर येते. ब्रेकच लागत नाही, तर आमटी कुठून होणार?

आणि सर्वांत कमी मायलेज कुठं? मुलीला शाळेत सोडायला, दीड-दोन किलोमीटर! थंडीत सकाळी इंजिन गार असतं. धूर शुद्ध करणारा भाग तापावा म्हणून ते सुरुवातीला चालूच राहतं, आणि तापतंय तोवर शाळा आलेली असते. वहीत तिथं पंधरा-सोळा असे आकडे आहेत आणि त्यांच्यासमोर वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, "सायकल घ्यावी."

त्यात पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमीच मिळते. वहिनींनी हे सांगितलं मात्र, अण्णांचा चेहरा खुलला. "आमचा ऊस जाळतीस व्हय! मग चालंल." तेव्हापासून त्यांचा हायब्रीडवरचा राग निम्म्यावर आलाय. 2023 च्या ऑगस्टमध्ये नितीन गडकरींनी दिल्लीत इनोव्हा हायक्रॉसचा इथेनॉलवर चालणारा नमुना दाखवला होता, हे मुलाने सांगितल्यावर तर अण्णांनी विचारलं, "कवा येनार बाजारात?" डिझेलचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

घाटाचं मात्र सविस्तर ऐकण्यासारखं आहे, कारण साताऱ्याच्या माणसाला पुण्याला किंवा कोकणात जायचं तर घाट चुकत नाही. पुण्याहून परतताना खंबाटकी चढायचा. गाडीत पाच माणसं, एसी चालू, मागं सामान. सुरुवातीला मोटर आणि इंजिन मिळून गाडी अशी उचलतात की विचारू नका. पण पाऊण युनिटाची बॅटरी ती, चढावर लवकर संपते. मग ओझं येतं एकट्या इंजिनावर. या वर्गातल्या जुळ्या बहिणींत ते दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं. पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो आणि तिथंच अडून राहतो, वेग मात्र सावकाश वाढतो. गिअरच्या गाडीत जन्म गेलेल्याला वाटतं क्लच घसरतोय. साहेबांना पहिल्यांदा घाम फुटला होता. "गाडी ओरडते नुसती," ते म्हणाले. वहिनींचं म्हणणं, पाय अर्धा ठेवला आणि ट्रकच्या मागं धीर धरला तर ओरडत नाही. आता ओरडणारं नेमकं कोण, हा त्या घरातला अंतर्गत मामला आहे.

उतारावरचं नवल याहून मोठं. चिपळूणला लग्नाला निघाले होते, पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरत होते. ॲक्सिलरेटरवर पायच नाही, पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या एकेक करून भरत चाललेल्या. सासूबाईसुद्धा कौतुकाने मोजत होत्या. सगळ्या पट्ट्या भरल्या आणि अचानक इंजिन मोठ्याने गुरगुरायला लागलं! उतारावर, पाय वर असताना! साहेबांनी गाडी बाजूला घेऊन थेट शोरूमला फोन लावला. खरं कारण साधं आहे. बॅटरी काठोकाठ भरली, आणखी वीज ठेवायला जागा नाही, म्हणून गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवते आणि त्या ओझ्याने वेग आवरते. एरवी आपण उतारावर दुसरा गिअर टाकतो, तेच काम. लिव्हरवरचा 'बी' हा उतारासाठीच दिलेला असतो. लांब उतारावर तो लावायचा आणि ब्रेकवर सारखा पाय ठेवून बसायचं नाही.

त्याच लग्नाला डिकीचंही बिंग फुटलं. आपल्याकडे गाडी बघायला गेलं की माणसं टायर लाथाडून बघतात, स्क्रीन केवढी ते बघतात, छताची काच उघडून बघतात. डिकी उघडून आपली बॅग आत कुणी ठेवून बघत नाही. जुळ्या बहिणींत माइल्ड हायब्रीडला डिकी 373 लिटरची, स्ट्राँग हायब्रीडला 265 ची, कारण बॅटरी तिथंच खाली बसवलेली. तळ वर येतो, मोठी बॅग उभी राहत नाही. वहिनींच्याही गाडीत असाच प्रकार. जाताना पैठण्यांची बॅग आडवी गेली, आहेराची पिशवी पायाशी आली. येताना पाहुण्यांनी आंब्याच्या दोन पेट्या दिल्या. कोकणातून आंबा नाकारून कोण येतं? एक पेटी मुलाच्या मांडीवर, एक सासूबाईंच्या पायाशी. गाडी साताऱ्याला पोचली तेव्हा मुलाच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या आणि तो "कॅरिअर लावा, नाहीतर मला उतरवा" म्हणत होता.

मागच्या सीटपाशी आणखी एक भानगड असते, ती मला वहिनींनी गाडीचं दार उघडून दाखवली. सीटच्या खालच्या बाजूला चार बोटं रुंद प्लास्टिकची जाळी. बऱ्याच हायब्रीड गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला आतली गार हवा अशाच जाळीतून ओढली जाते. वहिनींनी नखाने जाळीची कड उचकटली, आतली गाळणी बाहेर काढली आणि भिंतीवर आपटली. काय निघालं नाही त्यातून! लोकरीचा धागा, चिवड्यातलं डाळं, चुरमुरे, शाळेच्या पेन्सिलीचा भुगा. आणि आदल्या आठवड्यात साहेबांनी शेतावरून आणलेलं शेंगांचं पोतं बरोब्बर त्या जाळीला टेकवून ठेवलं होतं. जाळी बुजली की बॅटरी तापते, बॅटरी तापली की गाडी तिचं काम आवरतं घेते, आणि मग माणूस म्हणतो हल्ली मायलेज उतरलं बुवा.

मे महिन्यात मंडळी थोरल्या लेकीकडे बंगळुरूला जाऊन राहिली. परत आली तर गाडी ढिम्म. दार किल्लीच्या दांडीने उघडावं लागलं, पडदा काळा, 'रेडी'चा पत्ता नाही. अण्णा बाह्या सरसावून आले. "चला, धक्का मारूया!" दोघं-तिघं जमलेही. मुलाने त्यांना हाताला धरून थांबवलं. ही गाडी धक्क्याने सुरू होत नाही, कारण धक्का मारून इंजिन फिरवायला मध्ये क्लचच नाही. आणि मोठी बॅटरी बिचारी भरलेली होती! मेली होती ती छोटी, आपली नेहमीची बारा व्होल्टची. गाडीतले सगळे संगणक जागे करायचं आणि मोठ्या बॅटरीचा दरवाजा उघडायचं काम तिचं. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की ती झिजत जाते. काखेत कळसा असून वळसा घालायची वेळ ती हीच.

नाक्यावरचा फिटर आला, त्याने बॉनेट उघडलं, आतल्या नारिंगी वायरी बघितल्या आणि हात मागं घेतला. त्याने शहाणपणा केला. नारिंगी वेष्टण म्हणजे उच्च दाबाची वीज. तिला शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. शेवटी माहितगार माणूस बोलावून छोट्या बॅटरीला बाहेरून वीज दिली आणि गाडी जागी झाली. आता वहिनी गावाला गेल्या की किल्ली माझ्याकडे असते. मधूनमधून पोर्चमध्ये गाडी 'रेडी' करून अर्धा तास ठेवायची. त्या अर्ध्या तासात मी आत बसून एसी खाते, हे वहिनींना माहीत नाही. आता कळेल.

तरी मोठ्या बॅटरीची भीती लोकांनी फार करून घेतलीय. "पाच वर्षांनी बॅटरी गेली की गाडी भंगारात," हे वाक्य मी निदान दहा तोंडांतून ऐकलं असेल. टोयोटा आणि मारुती दोघीही हायब्रीडच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात. ती मोबाइलच्या बॅटरीसारखी शून्यापासून शंभरपर्यंत पिळली जात नाही. गाडी तिला मधल्याच पट्ट्यात खेळवते, म्हणून ती टिकते. ब्रेकचे पॅडही टिकतात, कारण वेग आवरायचं बरंचसं काम मोटर करते.

आता सरकारची बाजू. अण्णांचा तिसरा प्रश्न होता, "विजेची हाय, तर नंबरप्लेट हिरवी का न्हाई?" हिरवी पाटी फक्त पूर्ण विजेच्या गाड्यांना. हायब्रीडला आपली पांढरीच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर 2025 च्या ऑगस्टपासून विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला, हायब्रीडला नाही. विजेच्या गाडीला जीएसटी 5 टक्के. मोठ्या हायब्रीडला उपकरासकट 43 होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. वहिनींनी दसऱ्याचा मुहूर्त धरला तो या तीन टक्क्यांसाठी. वर आपल्या आरटीओचा कर, 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के. तिकडे उत्तर प्रदेशने 2024 च्या जुलैत स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला तेव्हा वहिनींच्या साहेबांनी पेपर आपटला होता. पेट्रोल वाचवणाऱ्याला सवलत नाही आणि कर मात्र चैनीच्या वस्तूसारखा, ही तक्रार मला तरी रास्त वाटते.

एवढं सगळं झाल्यावर अण्णांनी मुद्द्याला हात घातला. खिशातून जुनी लग्नपत्रिका काढली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडला. "पेट्रोल 105 धर. साधी गाडी 16 देती, तुझी 23. साधीला किलोमीटरला साडेसहा रुपयं, तुला साडेचार. वाचलं किती? दोन रुपयं. गाडीला जास्ती किती मोजलं? तीन लाख धर. म्हंजे दीड लाख किलोमीटर पळवशील तवा पैसं फिटलं. म्हैन्याला हजार पळवलीस तर साडेबारा वर्सं!"

भिंतीवर शांतता. मी वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिले.

पण वहिनी कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत. "अण्णा, तुम्ही माझी बिनगिअरची गाडी साध्या गिअरच्या गाडीशी लावताय. ऑटोमॅटिकला ऑटोमॅटिक लावा, दोन्हींतल्या सोयी सारख्या धरा, मग फरक राहतो दीडेक लाखांचा. तो फिटतो पाऊण लाख किलोमीटरमध्ये. आणि आम्ही महिन्याला दोन-अडीच हजार पळवतो. यांचं कराड, माझं पुणे, सासूबाईंचं दवाखान्याचं. तीन वर्षांत वसूल!"

अण्णांनी पत्रिका घडी घालून खिशात ठेवली. "मंग बराबर हाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालेलं गल्लीत कुणाला आठवत नाही.

दोघांचेही आकडे बरोबर होते, फरक होता तो तुलना कशाशी करायची याचा आणि फिरण्याचा. म्हणून गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या वाचकांना भिंतीवरच्या बैठकीचा निकाल कळवते. महिन्याला हजाराच्या आत फिरणं असेल, तेही शाळा-मंडईपुरतं, तर पेट्रोल वाचवायला म्हणून हायब्रीड घेऊ नका. साधी गाडी घ्या आणि उरलेले पैसे पोस्टात टाका. रोज शहराच्या गर्दीत अडकत असाल आणि महिन्याचं फिरणं दोन हजारांच्या वर असेल, तर जरूर घ्या, पश्चात्ताप होणार नाही. शोरूममध्ये जाताना घरातली सगळ्यांत मोठी बॅग आणि घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस बरोबर न्या. बॅग डिकीत ठेवून बघा, माणूस मागच्या सीटवर बसवून बघा. चाचणीची फेरी सपाट रस्त्यावर घेऊ नका, जवळचा घाट चढा आणि उतरा. इंजिन बंद असताना गाडी हलते का, हे विचारा. आणि घेतलीतच, तर मुलांना मागच्या सीटवर चिवडा देऊ नका.